कागदावरचा पाय

गोल्फच्या बुटांच्या कंपनीची सूचना होती की माप संध्याकाळीच घ्यावं. दिवसभर वापरून पाय किंचित फुगलेला असतो, सकाळी घेतलेलं माप फसवं निघतं. म्हणून दिवेलागण झाल्यावर मी पडवीतल्या कोब्यावर कॅलेंडरचं पान पसरलं. भिंतीवर दोन कॅलेंडरं होती. कालनिर्णयाच्या पाठीवर छापील मजकूर असतो, म्हणून गावच्या पतपेढीचं निवडलं, त्याची पाठ कोरी. एप्रिल तसाही उलटून गेला होता. पानावर उजवा पाय ठेवला, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि वाकून, पेन्सिल उभी धरून, टाचेपासून कडेकडेने रेघ ओढायला लागलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने स्वतःच्याच पायाचं चित्र काढणं हा बघण्यासारखाच प्रकार असणार, कारण समोर रतांबे फोडत बसलेल्या आईचे हात थांबले. बोटं जांभळी झालेली, मांडीशी सालांची परात, पलीकडे बियांचा टोप. मी पाय उचलला. ती पुढे झुकून पानाकडे बघत राहिली, तलाठ्याने जमिनीचा नकाशा समोर धरावा आणि त्यात आपली बांधाची बाजूच सापडू नये तशी. मग म्हणाली, "हो तुजो पाय न्हय."

मी हसलो. "मगे कोणाचो?"

"काय म्हायत. तुजी बोटां आल्याच्या गाठीसारखी पसारलेली होती. हो खंयच्या सायबाचो." एवढं बोलून तिने पुढचा रतांबा उचलला. विषय तिच्यापुरता संपला.

माझ्यापुरता संपेना. रात्री दिव्याखाली पान पुन्हा काढून बघितलं. चित्र टाचेकडे रुंद, मध्ये थोडं आत गेलेलं आणि पुढे होडीच्या नाळेसारखं निमुळतं होत गेलेलं. अंगठा शेजारच्या बोटावर रेललेला. करंगळी तर रेघेत आलीच नव्हती, ती बाजूच्या बोटाखाली दडून बसली होती. एवढी वर्षं हे पाय माझेच आहेत, रोज धुतो, नखं कापतो, पण वरून खाली असं कधी बघितलंच नव्हतं. पायाचं चित्र खरं म्हणजे पायाचं नव्हतंच. ते बुटाचं होतं.

गोल्फचं आधी सांगून टाकतो. मी खारघरला राहतो. सरकारी कागदावर तेही कोकणच, पण देवगडच्या माणसाला तसं म्हणून दाखवा. तिथे डोंगराच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फचं मैदान आहे. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूने ढग उतरून आले की समोरचं हिरवं काही दिसेनासं होतं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने चार वर्षांपूर्वी रविवारी ओढून नेलं, आणि मी तिथे चिकटलो तो खेळासाठी कमी, चालण्यासाठी जास्त. अठरा होल म्हणजे आठ-नऊ किलोमीटर सहज होतात. त्या चार-साडेचार तासांत प्रत्यक्ष चेंडू मारण्यात मोजकी मिनिटं जातात, बाकी सगळी पायपीट आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या. गावाकडच्या मित्रांना मी हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं. सड्यावर गुरांमागे फिरलेल्या माणसाने पैसे भरून गवतावर चालायला जायचं, हे सांगायला जीभ वळत नाही.

मग टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा, आणि दहा पावलांनंतर काही झालंच नाही असा आव. डॉक्टर म्हणाले की तळव्याखालचा पडदा ताणला गेलाय, पोटऱ्या आखडल्यात आणि तुमचे बूट पुढून फारच अरुंद आहेत. सहकाऱ्यांपैकी एकजण त्या दिवसांत नव्या तऱ्हेचे गोल्फचे बूट घालून येत होता. पुढून बदकाच्या चोचीसारखे पसरट, टाच आणि चवडा अगदी एका पातळीत, तळ इतका पातळ की बूट हातात धरून पोळीसारखा गुंडाळता येतो. खिळे नाहीत, रबराची बारीक बोंडं आहेत. आत पाऊल नैसर्गिक हलावं, बोटं मोकळी पसरावीत, अनवाणी असल्यासारखं वाटावं, अशी त्यामागची कल्पना. किंमत १४ हजार. अनवाणी वाटण्यासाठी चौदा हजार कशाला, तेवढं तर बूट काढूनही वाटतं, हा विनोद तुमच्या ओठांवर आला असेल. माझ्या बायकोने तो केला, ऑफिसात तिघांनी केला. तो झाला असं समजून पुढे जाऊ.

गोल्फच्या बुटांची गंमत अशी की हा खेळ बराच काळ पाय जमिनीला खिळवून ठेवण्याच्या मागे होता. जड चामड्याचे, निमुळत्या तोंडाचे बूट, तळाला लोखंडी खिळे. ते खिळे हिरवळ टोचून टोचून खराब करत, म्हणून १९९०च्या दशकात त्यांच्या जागी प्लास्टिकचे आले. पुढे २०१०च्या मास्टर्स या गोल्फच्या मोठ्या स्पर्धेत पन्नास वर्षांचा अमेरिकन खेळाडू फ्रेड कपल्स बिनखिळ्यांचे बूट घालून, मोजेसुद्धा न घालता उतरला आणि पहिल्या दिवशी ६६ फटक्यांत फेरी संपवून आघाडीवर राहिला. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना तसेच बूट हवे झाले. माणसं कशाला भुलतात बघा, त्याच्या मनगटाकडे कोणी बघितलं नाही. पण त्याच्याही खूप आधी व्हर्जिनियाच्या डोंगरांत वाढलेला सॅम स्नीड होता. पोरवयात अनवाणी खेळलेला. अमेरिकेतल्या पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेत ८२ स्पर्धा जिंकल्या त्याने, आणि तो विक्रम गाठायला टायगर वुड्सला २०१९ साल उजाडावं लागलं. स्नीडचा काठी फिरवण्याचा झोका बिघडला, की तो सरावाला बूट काढून चेंडू मारायचा. अनवाणी माणूस ताकद लावू शकत नाही, जोर जास्त झाला की पाय घसरतो, म्हणून अंग आपोआप लयीत येतं. हे वाचलं तेव्हा मला रापण आठवली.

मिठमुंबरीच्या किनाऱ्यावर आम्ही पोरं रापणीला हात लावायला पळायचो, मिळालेच तर चार बांगडे घरी न्यायला. जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर, प्रत्येक दोराला माणसांची रांग, आणि सगळे मागे मागे चालत ओढतायत. नवखा पोरगा हातांनी ओढतो, त्याचे तळवे सोलतात आणि दोर तसूभर हलत नाही. जाणता माणूस दोर कमरेशी धरतो, टाच वाळूत रुतवतो, अंगठा खाली दाबतो आणि अंग नुसतं मागे कलतं करतो. ओढण्याचं काम पायाने चाललेलं असतं, हात फक्त दोराला धरून असतात. भरतीच्या ओल्या वाळूत त्यांच्या पावलांचे ठसे उमटायचे ते पंख्यासारखे, पुढे रुंद, पाचही बोटं सुटी सुटी. आम्ही आमचे पाय त्या ठशांत ठेवून बघायचो. खारघरच्या कोचने पहिल्या महिन्यात मला पन्नासदा सांगितलं की हाताने मारू नका, जमिनीने मारा. भार आधी उजव्या पायाच्या आतल्या कडेवर, मग डाव्यावर, आणि शेवटी उजवी टाच उचलून फक्त चवडा. मला ते डोक्याने लगेच समजलं, कारण रापणीत ते पाहिलेलं होतं. पायांना मात्र समजलं नाही. बोटं बुटात एकमेकांवर चढून बसलेली, ती कसली जमीन धरतायत.

असे बूट पहिल्यांदा घातले कधी, तेच आठवत राहिलो मी त्या रात्री.

आठवीला मला मामाकडे मुंबईला पाठवलं. तोवर पायात काही नव्हतंच म्हणा ना. एक रबरी स्लीपर होती, ती जत्रेला आणि देवगडला जाताना. शाळेत सड्यावरून जायचो. जांभ्या कातळाचा सडा मार्च-एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो, आणि शाळा सुटायची तीही नेमकी उन्हात. मग एका काजूच्या सावलीतून दुसऱ्या काजूच्या सावलीत पळायचं, मध्ये कुठे थांबायचं नाही. सावलीत पोचल्यावर तळवे आळीपाळीने दुसऱ्या पायाच्या पोटरीला घासायचे. पावसात त्याच कातळावर बारीक गवत उगवायचं, वर पाण्याचा पापुद्रा, आणि पायाखाली ते मखमली थंड. कुठे शेवाळ आहे हे दिसायच्या आधी अंगठ्याला कळायचं. मुंबईच्या शाळेत काळे बूट सक्तीचे होते. आईने त्या वर्षीच्या काजूच्या बिया विकल्या, त्यातल्या पैशांतून कणकवलीला बूट घेतले. वाढत्या पायाचे, म्हणजे दोन नंबर मोठे. दुकानाबाहेर येऊन तिने ते खोक्यातून काढून पुन्हा एकदा बघितले, नाकाशी नेऊन वास घेतला. तिने स्वतः तोवर बूट कधी घातला नव्हता, पुढेही घातला नाही. पहिल्या वर्षी बुटांत पुढे कापूस कोंबला. दुसऱ्या वर्षी ते बसले. तिसऱ्या वर्षी बुटात पाय कोंबला. नवे मागायचे म्हणजे मामाला सांगायचं, मामा आईला कळवणार, आणि पुन्हा काजूच्या बिया. मी बोटं दुमडून घेतली आणि दहावी होईपर्यंत गप्प राहिलो.

एका पायात २६ हाडं असतात. पण ती जन्मतः सगळी हाडं नसतात, बरीचशी कूर्चा असते, आणि ती पक्की व्हायला विशीच्या आसपासपर्यंत वेळ जातो. दाब कुठून पडतो त्याप्रमाणे ती वळतात, कुंडीतल्या झाडाच्या मुळांसारखी. आपल्याच किनारपट्टीवर खाली मणिपालला दोन डॉक्टरांनी, राव आणि जोसेफ यांनी, ४ ते १३ वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले होते. १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पायात काही घालणाऱ्या मुलांत सपाट तळवे निघाले शंभरात ८.६, अनवाणी हिंडणाऱ्यांत २.८. त्यातही पुढून बंद बूट घालणाऱ्यांचं जास्त, स्लीपर-सँडलवाल्यांचं कमी. मला त्या आकड्यांपेक्षा दुसरंच डोळ्यांसमोर आलं. २३०० पोरं रांगेने शाई लावलेला पाय कागदावर ठेवून पुढे जातायत. त्यांतली अनवाणी पोरं घरी गेल्यावर त्यांच्या आयांनी काय ठरवलं असेल? पैसे आले की आधी बूट घ्यायचे, हेच ना. माझ्या आईने तेच केलं. तिला कोणी मणिपालचा कागद वाचून दाखवला असता तरी तिने तेच केलं असतं.

आणि तिचं चुकलं होतं असं मी म्हणू शकत नाही. अनवाणी पायांविषयी शहरात बसून गोड लिहिणाऱ्यांनी आषाढात चार दिवस लावणीला यावं. चौथ्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी फटक पडून सोलते, रात्री त्यात आग उठते, आणि सकाळी पुन्हा त्याच चिखलात पाय घालायचा असतो. अलीकडे आरोग्य खात्याची माणसं लावणीआधी वाडीवाडीत येऊन लेप्टो या तापाच्या गोळ्या वाटतात, पायाला जखम असेल तर गमबूट घाला म्हणतात. गमबुटाने चिखलातून पाय उपसता येत नाही हा भाग वेगळा. सड्यावर फुरसं असतं, दगडाच्याच रंगाचं. आणि इंचू. आमच्या लहानपणी तांबडा इंचू चावणं म्हणजे घरात रात्रभर जागरण आणि पहाटेपर्यंत काय होईल ते होईल. महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्याच्यावर वापरून दाखवलं, तेव्हापासून कोकणातली किती पोरं वाचली असतील. यांतले बरेच दंश पायालाच. मला कणकवलीला बूट घेताना आईच्या डोळ्यांसमोर शाळेचा गणवेश होता, तसाच माझा चुलतभाऊही असणार. त्याच्याबद्दल आमच्या घरात फार बोलत नाहीत.

आईचे पाय मात्र तसेच राहिले. पुढे रुंद, अंगठा आणि शेजारचं बोट यांत करंगळी मावेल एवढी फट, टाचांना भेगा. थंडीत त्या भेगांना ती मुठेल लावते. रतांब्याच्या बिया सुकवून, कांडून, उकळून वर येणारं तेल थिजलं की मुठीत दाबून गोळा करायचा, म्हणून मुठेल. चुलीपाशी बसून गोळा विस्तवाला दाखवायचा आणि वितळलेली बाजू भेगेवर फिरवायची. त्याला फारसा वास नसतो, पण त्या उबेला असतो. या पायांनी ती कुणगा, म्हणजे भातशेतीचा तुकडा, वाचायची. चिखल करून फळी फिरवली की कुणगा सगळीकडून सारखा झालाय का हे बघायचं असतं, नाहीतर एका कोपऱ्यात रोप बुडतं आणि दुसऱ्यात उघडं पडतं. वर पाणी असतं, ते गढूळ, डोळ्याला सगळं सपाटच दिसतं. आई आडवीतिडवी चालत जायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "हंय उंच आसा." बाबा फळी तिकडे वळवायचे. तिला कसं कळतं हे मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, उंचावर पाणी कमी, ते लवकर तापतं. पायाक कळता.

गोल्फमध्ये एमपॉइंट नावाची एक पद्धत आहे. हिरवळीवर चेंडू होलमध्ये ढकलायचा तर उतार नेमका किती हे कळावं लागतं. होल केवळ १०८ मिलिमीटर रुंद, एक-दोन टक्के उतारसुद्धा चेंडूला हातभर बाजूला नेतो, आणि डोळे इथे फसतात, मागे डोंगर असला की फारच. मग खेळाडू चेंडूच्या वाटेवर दोन पाय फाकवून उभा राहतो, कुठल्या तळव्यावर भार जास्त येतोय ते बघतो, मनाशी एक, दोन, तीन टक्के असा आकडा धरतो, तेवढी बोटं डोळ्यांसमोर उभी करतो आणि त्यांच्या कडेने नेम घेतो. टीव्हीवर मी हे कितीदा बघितलं होतं. कोचने पहिल्यांदा करायला लावलं तेव्हा हिरवळीच्या मधोमध डोळे मिटून उभा राहिलो. काही कळेना. जाड तळ, आत उंच टाच, बोटं गोळा झालेली. सगळंच सपाट. कोच म्हणाला, पाय जागे करा. आमच्या घरी पाय जागे असलेलं माणूस आहे, असं मी त्याला सांगणार होतो.

ते आता खरं राहिलेलं नाही.

आईला साखर निघून बारा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी ती परसातून आली ती एका पायात चप्पल घालून. दुसरी माडाच्या आळ्यात रुतून राहिली होती, आणि तिला पत्ताच नव्हता. मी हसलो, तीही हसली. कणकवलीचे डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिला पलंगावर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितलं आणि एका दांडीला लावलेला नायलॉनचा धागा तळव्याला टेकवायला सुरुवात केली. धागा वाकला की दहा ग्रॅमचा दाब पडतो, तेवढा कळायला हवा. "लागलं की हो म्हणा आजी." अंगठ्याला टेकवला. आई गप्प. मधल्या बोटाखाली, चवड्यावर. गप्प. मी उभा राहून बघत होतो, धागा वाकतोय, सुटतोय, परत वाकतोय. खोलीत पंख्याचा आवाज. तिचा चेहरा शांत होता, वाट बघत असल्यासारखा. जराशाने डोळे मिटूनच तिने विचारलं, "सुरू केलास?"

तेव्हापासून तिला अनवाणी चालायची बंदी आहे. घरातसुद्धा. तिच्यासाठी एमसीआरच्या चपला करून आणल्या, मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, मागे पट्टा असलेल्या, म्हणजे पायातून सुटल्या तरी राहतील. खळ्यात, पडवीत, चुलीपाशी ती त्या घालून वावरते. देवापाशी जाताना काढते, आणि काढताना माझ्याकडे बघते, बोलशील काही तर बघ म्हणून. मी बोलत नाही. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, काटा-बिटा गेला असेल, भेग चिघळली असेल तर कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. आरसा आईला जमत नाही, म्हणून गावी असेन तेव्हा ते काम माझं. टॉर्च लावून तिचा पाय मांडीवर घेतो. आणि त्याच घरात, त्याच पडवीत बसून मी जमीन कळावी म्हणून पातळ तळाच्या बुटांचं माप काढत होतो. तिने चित्राकडे बघून जे म्हटलं ते सहज म्हटलं होतं. पण हे सगळं त्या एका पानावर येऊन बसलं.

बूट जूनमध्ये खारघरला आले. पहिल्याच रविवारी मी ते घालून पूर्ण अठरा होल चाललो. हा मूर्खपणा होता. खोक्यातल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की सुरुवातीला रोज वीसेक मिनिटं, मग हळूहळू वाढवा, कारण चाळीस वर्षं टाच उंच ठेवून चाललेल्या माणसाच्या पोटऱ्या आखडून गेलेल्या असतात. सोमवारी मला जिना उतरता येईना. कठड्याला धरून, आडवा होत होत, एक एक पायरी, आणि वर चढणाऱ्या शेजाऱ्याने मान झुकवून बाजूला होऊन वाट दिली. चार दिवस पोटऱ्या दगड. आठवडाभर ते बूट कोपऱ्यात पडून राहिले. मग कागदात म्हटल्याप्रमाणे सुरू केलं. दूध आणायला, भाजी आणायला. सकाळी टॉवेल जमिनीवर टाकून बोटांनी ओढायचा व्यायाम. करंगळीला हुकूम द्यायचा आणि ती ऐकत नाही हे बघायचं. गोल्फ त्यामुळे सुधारला म्हणाल तर नाही, आकडे जवळपास तिथेच आहेत. टाचेतला खिळा बोथट झाला, त्यात बुटांचा वाटा किती आणि पोटऱ्यांच्या व्यायामाचा किती, सांगता येत नाही. पण जुलैत एका पहाटे, पाऊस नुकताच थांबला होता, हिरवळीवर पाय फाकवून उभा राहिलो आणि डाव्या तळव्याखाली काहीतरी झुकलं. अगदी थोडं. कोणी जाजमाची कड धरून हलकेच ओढावी तसं. एक बोट उभं केलं. नेम घेतला. चेंडू होलच्या कडेवरून फिरून बाहेर गेला.

चुकलं ते माझ्या हातांमुळे. पायाचं बरोबर होतं.

मे महिन्यात पाय काढलेलं ते एप्रिलचं पान मी खारघरला घेऊन आलो होतो, आणि त्यावरून आईचं आणि दूधवाल्याचं भांडण झालं. एप्रिलच्या दुधाचा हिशोब तिने त्याच्यावर मांडला होता. तो दोन लिटर जास्त म्हणत होता, आणि आईचा पुरावा माझ्या पायाच्या पाठीमागे, तीनशे-चारशे किलोमीटर दूर. शेवटी फोनवर मी आकडे वाचून दाखवले. आईचंच बरोबर निघालं. तिला बुटांविषयी एवढा एकच प्रश्न पडला होता, की दुसरा कागद मिळालो नाय तुका?

चतुर्थीला गावी गेलो तेव्हा तिच्या चपलांचं रबर दबलेलं दिसलं. नव्या करायच्या तर माप द्यावं लागतं, आणि कणकवलीचा चपलावाला म्हणतो की आजींना आणायची गरज नाही, पाय कागदावर काढून पाठवा. पाचव्या दिवशी गणपती गेल्यावर, घर एकदम रिकामं झालं होतं, आरास अर्धी उतरलेली, तेव्हा मी पतपेढीच्या कॅलेंडरकडे हात नेला. "थांब," ती म्हणाली. "पयलो दुधाचो हिशोब उतरून घे." तो वहीत उतरवून घेतला. मग पान उलटं करून कोब्यावर पसरलं, तिला खांबाला धरून उभं केलं, आणि तिच्या पायाशी बसून टाचेपासून सुरुवात केली.

तिच्या पायाची रेघ काढायला वेळ लागतो. प्रत्येक बोटाच्या मधून आत जाऊन बाहेर यावं लागतं, तेवढी जागा आहे. पेन्सिलीचं टोक कातडीला घासत होतं आणि तिला काही नव्हतं, ती वर बघत आरास उद्या कोण उतरवणार ते सांगत होती. करंगळीवरून वळलो, चवडा झाला, अंगठा वळसा घालून घेतला. आतल्या बाजूने टाचेकडे निघालो, जिथे तळवा कमानीसारखा उचललेला असतो, आणि रेघ नीट यावी म्हणून पेन्सिल कमानीखाली जरा तिरकी घातली. तिने पाय झटकन ओढला. "मेल्या, गुदगुल्यो होतत!"

मी वर बघितलं. "कळला तुका?"

"हंय कळता," म्हणाली, आणि पाय परत पानावर ठेवला.

रेघ तिथे चांगली बोटभर बाहेर गेली होती. खोडरबर घरात नव्हतं. दुसऱ्या दिवशी चपलावाल्याने पान उजेडात धरून बघितलं, त्या जागेवर नख टेकवलं आणि विचारलं, इथे काय आहे, गाठ आहे का? मी म्हटलं, नाही, पेन्सिल हलली.